गडग्यातली वाट

गेल्या शनिवारी मी एका परक्या शेतकऱ्याच्या शेतातून चालत गेले. न विचारता. समोर त्याच्या मेंढ्या चरत होत्या, कोकरं आयांच्या पोटाखाली ढुशा देत होती आणि तो स्वतः कडेला वाकून कुंपणाचा खांब ठोकत होता. मी लेकीचा दंड धरला, म्हटलं, "अगो, मागे फिर, ओरडेल तो." त्याने वर बघितलं, हात केला आणि परत कामाला लागला. लेक म्हणाली, "आई, शेत त्याचं आहे. वाट सगळ्यांची आहे."

हे वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

गावाचं नाव ईडेल. इंग्लंडच्या डर्बीशायरमधलं, मँचेस्टरहून आगगाडीने पाऊण तासावर. येताना डोंगराच्या पोटातला तीन किलोमीटरहून लांब बोगदा लागतो आणि तो संपला की गाडी एकदम हिरव्या दरीत बाहेर येते. कोकण रेल्वेच्या करबुडे बोगद्यातून बाहेर पडताना माझा जीव जसा मोठा होतो, तसाच तिथे झाला. स्टेशनवर उतरलेली दहा-बारा माणसं, सगळ्यांच्या पाठीवर पिशव्या. गाडी गेली आणि मग नुसतं पाणी ऐकू यायला लागलं. रस्त्याच्या कडेने वहाळ वाहतो, त्याचं. मध्येच मेंढीची हाक. एक चर्च, एक छोटी शाळा, दोन पब, दगडी घरं. संपलं गाव.

पण गाव एका जागी नाहीच. दरीभर पाच वाड्या पसरल्यात आणि प्रत्येकीच्या नावात 'बूथ' आहे: अप्पर बूथ, बार्बर बूथ, ग्राइंड्सब्रुक बूथ, ऑलरब्रुक बूथ, नेदर बूथ. बूथ म्हणजे गुराख्यांचा निवारा. शेकडो वर्षांपूर्वी गुरं राखणाऱ्यांनी तात्पुरत्या खोपी घातल्या, त्यांची घरं झाली, घरांच्या वाड्या झाल्या. आमच्या राजापूर तालुक्यातल्या वाड्यावाड्यांच्या गावात वाढलेल्या बाईला हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

आणि गडगे! सगळ्या दरीवर, डोंगराच्या अंगावर थेट वरपर्यंत गडगेच गडगे. नुसत्या दगडावर दगड रचलेल्या भिंती, चुना नाही, सिमेंट नाही. आपल्याकडे जांभा, तिथे भरड वालुकाश्म. एके ठिकाणी गडगा ढासळला होता, म्हणून आतलं पोट दिसलं. दोन्ही बाजूंना मोठे दगड, मध्ये भरीला बारकी खडी, ठरावीक उंचीवर आरपार जाणारा लांब दगड दोन्ही अंगांना बांधून धरणारा, आणि माथ्यावर उभे लावलेले दगड. माझे आजोबा अगदी असाच बांधायचे. खडी भरताना म्हणायचे, पोट भरलं नाही तर गडगा बसतो. मी त्या ढासळलेल्या जागेशी पाच मिनिटं उभी राहिले. लेकीला वाटलं मी दमले.

या गडग्यांत जागोजागी वाट ठेवलेली आहे, आणि ती बांधतानाच ठेवलेली आहे. कुठे भिंतीतून लांब दगड बाहेर काढून पायऱ्या केल्यात. कुठे दोन उभ्या शिळांमध्ये एवढीच फट, की माणूस अंग चोरून जाईल पण मेंढी जाणार नाही. कुठे लाकडी फाटक, आपोआप मिटणारं. त्याच्या खांबावर पिवळा बाण. पिवळा बाण म्हणजे पायी जाणाऱ्याचा हक्क, निळा असेल तर घोडा आणि सायकलचाही. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा हक्काच्या वाटा सुमारे २,२५,००० किलोमीटर आहेत. शेताच्या मधून वाट जात असेल तर शेतकरी नांगरू शकतो, पण चौदा दिवसांच्या आत त्याला किमान एक मीटर रुंदीची वाट पुन्हा करून द्यावी लागते. कायदाच तसा आहे.

हे असंच होतं आणि असंच चालत आलं, असं मला आधी वाटलं होतं. तसं नाही. ईडेलच्या डोक्यावर किंडर स्काउट नावाचा मोठा सडा आहे, म्हणजे माथ्यावरचं सपाट माळरान, ६३६ मीटर उंच. शंभर वर्षांपूर्वी तिथे पाऊल टाकायची सोय नव्हती. उमरावांना तित्तिरासारख्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी तो राखायचा होता, आणि राखणदार काठ्या घेऊन फिरायचे. खाली मँचेस्टर आणि शेफिल्डमध्ये गिरण्या, कारखाने, धूर. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. त्या दिवशी या माणसांना डोंगर हवा होता. २४ एप्रिल १९३२ च्या रविवारी काही शे पोरंपोरी हेफिल्डच्या बाजूने ठरवून वर चढली, शेफिल्डची एक तुकडी ईडेलवरून गेली. पुढे होता वीस वर्षांचा बेनी रॉथमन. वर राखणदारांशी झटापट झाली. पाच जणांना दोन ते सहा महिने तुरुंगवास झाला. देश हळहळला, आणि मागणी जोरात उठली. १९४९ मध्ये कायदा आला, त्यात प्रत्येक काउंटीने आपल्या हद्दीतल्या पायवाटा नकाशावर नोंदवायच्या असं ठरलं. १९५१ मध्ये हाच डोंगराळ मुलूख ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. २००० च्या कायद्याने तर मोकळ्या सड्यांवर वाट सोडूनही हिंडता येतं. २००२ मध्ये, त्या चढाईला सत्तर वर्षं झाली तेव्हा, तेव्हाच्या जमीनमालकाचे नातू डेव्हनशरचे ड्यूक यांनी जाहीरपणे सांगितलं की आजोबांनी केलं ते चूक होतं.

माझे बाबा लालबागच्या गिरणीत होते. साच्यावर. त्यांनाही आठवड्याची एक सुट्टी असायची आणि वर्षातून गणपतीला गाव. त्यामुळे ती पोरं मला परकी वाटत नाहीत.

दुसऱ्या दिवशी लेकीने मला गाडीने स्नेक पासला नेलं. तिथून पेनाइन वे जातो, ईडेलपासून थेट स्कॉटलंडपर्यंतची ४०० किलोमीटरच्या वरची पायवाट. वरची माती काळी, भिजलेली, पाय घोट्यापर्यंत रुतेल अशी. तिला पीट म्हणतात. हजारो पायांनी तिची दलदल झाली, म्हणून वाटेवर एकापुढे एक दगडी फरशा टाकल्यात. हुबेहूब पाखाडी. आणि त्यातल्या कितीतरी फरशा पाडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीच्या आहेत. एका फरशीत गोल भोकं होती, सरळ रांगेत. लेक म्हणाली, यंत्र घट्ट बसवायला पाडलेली असतील. भोकात पावसाचं पाणी साचलं होतं. मी खाली बसून त्यात बोट घातलं. बाबांची फार आठवण आली.

तिथलं सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. अशा गावांत घरं इतकी महाग झालीत की तिथल्याच पोरांना ती परवडत नाहीत, बाहेरचे लोक सुट्टीपुरती घरं घेतात. हे तर आपल्याकडेही सुरू झालंय. पण तिथे घर विकलं तरी वाट विकली जात नाही. आपल्याकडे नेमकी वाटच विकली जातेय.

आमच्या वाडीतून वहाळाकडे उतरणारी पाखाडी माझ्या आजीच्या सासूच्या आधीची. बायका पाण्याला, पोरं शाळेला, गणपती विसर्जनाला तिथूनच. चार वर्षांपूर्वी वरची जागा विकली गेली. नव्या मालकाने तारेचं कुंपण घातलं, त्याला लोखंडी गेट आणि कुलूप. आता गणपती डांबरी रस्त्याने टेम्पोतून जातात. विचारायला गेलो तर उत्तर एकच, सातबारा माझ्या नावावर आहे.

आपल्याकडे कायदाच नाही असंही नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदार वाटेतला अडथळा काढायला लावू शकतात. पण अडवल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, आणि तो सगळा विचार शेतकऱ्याला त्याच्या शेतात जाता यावं एवढ्यापुरता. आम्हाला सहा महिन्यांचं कोणी सांगितलंच नाही. तक्रार करणं म्हणजे भांडण, असं समजून सगळे गप्प राहिले. मीही राहिले, आणि त्याचं मला आज मनापासून वाईट वाटतं. गावनकाशात पायवाट तुटक रेघेने दाखवतात, पण वाडीतल्या कितीतरी पाखाड्यांची त्यात रेघच नाही. कागदावर नाही ते अडवायला कोणाला भीती वाटेल?

मी जुलैत परत येतेय. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी वाडीतल्या जुन्या बायकांना घेऊन सगळ्या वाटा एकदा चालायच्या, नावासकट कागदावर उतरवायच्या आणि तो कागद सभेत द्यायचा असं ठरवलंय. वडाची घाटी, देवळाची पाखाडी, खालच्या पऱ्याची वाट, सड्यावरची गुरांची वाट, एवढ्या मला आठवतात. वाडीतलं जे कोणी मुंबईला, पुण्याला, दुबईला असाल त्यांनी आपापल्या घरच्या म्हाताऱ्यांना विचारून उरलेल्या वाटांची नावं खाली लिहा. कुठून कुठे जाते तेही लिहा. मावशी आहे तोवर हे व्हायला हवं, तिला सगळ्या वाटा पाठ आहेत.