दोनशे मीटर खोल, सात मिनिटं मागे

सोमवारी सकाळी रायबंदरची फेरीबोट माझ्या डोळ्यांदेखत सुटली. मी दिवाडीच्या धक्क्यावर, एका हातात उलटी झालेली छत्री, दुसऱ्या हातात डबा, आणि मनगटावरच्या घड्याळात फेरी सुटायला चांगली पाच मिनिटं बाकी. त्या पाच मिनिटांच्या भरवशावर मी घरी दुसरा चहा घेतला होता. ऑफिसात थंब लावला तेव्हा मशीनने महिन्यातला तिसरा लेटमार्क दाखवला, आणि तीन लेटमार्कांना अर्धी सीएल, म्हणजे किरकोळ रजा, जाते. म्हणजे चहा अर्ध्या सीएलला पडला.

घड्याळ मे महिन्यात घेतलेलं. ऑटोमॅटिक डायव्ह वॉच, म्हणजे खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांचं, जपानी, साडेअठरा हजार. कंपनीचं नाव घेत नाही, तिची बाजू नंतर येईलच. डायलवर काट्याच्या खाली लिहिलंय, २०० मीटर. घेण्याआधी दोन महिने रोज रात्री व्हिडिओ बघत होतो, सगळे सांगत होते की 'परवडणाऱ्या किमतीत रोज वापरायला याच्यासारखं दुसरं नाही', आणि बायको सांगत होती की तुमच्याकडे मोबाईल आहे. दोघांचंही खरं होतं, आता कळतंय.

तर फेरी सुटली, आणि धक्क्यावर एक आजोबा होते. हे आजोबा रोज असतात, कुठेही जात नाहीत, नुसती फेरी बघायला येतात. तीस वर्षं तारवटी होते, म्हणजे जहाजावर इंजिनरूममध्ये, आता रिटायर. त्यांना सगळे पात्रांव म्हणतात, मीही म्हणतो.

"कितलीं वाजलीं?" त्यांनी विचारलं. मुद्दाम, कारण त्यांच्या हातात घड्याळ होतं.

मी सांगितलं. त्यांनी स्वतःच्या घड्याळात बघितलं, मग निघून गेलेल्या फेरीकडे, मग माझ्याकडे. "सात मिनिटां फाटीं." म्हणजे मागे. आणि हात पुढे केला, दाखव म्हणून. मी काढून दिलं. त्यांनी ते तळहातावर तोललं, बाजारात बायका इसवणाचा तुकडा तोलतात तसं.

"हें काय वजन रे! कितें आसा भितर?"

मी सांगितलं की यात बॅटरी नाही, आत अर्धगोल वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंगला चावी बसते. "आणि हात हलला नाही तर?" तर साधारण चाळीस तासांनी बंद पडतं. पात्रांवनी थोडा विचार केला. "तू ऑफिसात काय करतो?" कॉम्प्युटरवर असतो. "माऊस कुठल्या हातात?" उजव्या. "घड्याळ?" डाव्या.

यापुढे त्यांना काही विचारायची गरज नव्हती, पण त्यांना फेरी येईपर्यंत वेळ होता आणि मलाही होता.

"हें दोनशें कितें?"

मीटर. खोली. पाण्याखाली.

"पेंवपाक येता तुका?" म्हणजे पोहता येतं का.

ना.

"मागीर?"

या 'मागीर'ला, म्हणजे 'मग?'ला, माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी इतिहास सांगायला लागलो, माणसाकडे उत्तर नसलं की तो इतिहास सांगतो. म्हणलं, पात्रांव, रोलेक्स आणि ब्लांपां या दोन कंपन्यांनी अशी घड्याळं १९५३ च्या सुमारास काढली, तेव्हा पाणबुड्यांना खरंच यावर जीव टांगायला लागायचा, टाकीत हवा किती उरली ते मिनिटांवरून कळायचं. आता याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ६४२५, निदान १०० मीटर तरी पाहिजे, सांगितलेल्या खोलीपेक्षा सव्वापट दाबाखाली तपासतात, अंधारात पंचवीस सेंटीमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे. ते शेवटचं खरं आहे, रात्री मच्छरदाणीत हे असं हिरवं चमकतं की बायको म्हणते त्याला उशीखाली घाला, डोळे मिटून पण दिसतं.

पात्रांवनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तीस वर्षं जहाजावर होतो. एकदा पण पाण्यात पडलो नाही. पाण्यात पडायचं नसतं म्हणून तर जहाज असतं रे बाबा."

मग ते बाहेरची कडी फिरवायला लागले, बेझल. टक टक टक. उलटी फिरवून बघितली, फिरेना. मोडेल म्हणून मी घाईघाईने सांगितलं, ती एकाच बाजूने फिरते, मुद्दाम तशी केलीय. खाली जाताना तिचा बाण मिनिटकाट्यासमोर लावायचा, मग किती वेळ झाला ते दिसतं. चुकून धक्का लागून फिरली तरी झालेला वेळ जास्तच दाखवणार, कमी कधी नाही, म्हणजे पाणबुड्या फार तर लवकर वर येईल, उशिरा येणार नाही. हे सांगताना मला जरा अभिमान वाटला, एवढी हुशारीची गोष्ट आपल्या मनगटावर आहे म्हणून.

"म्हणजे पाण्यातल्या माणसाला लवकर वर काढतं," पात्रांव म्हणाले, "आणि जमिनीवरच्याला उशिरा पोचवतं."

खरं सांगतो, मी त्या बेझलने आजवर फक्त उकड्या तांदळाची वेळ लावलीय. तेही एकदा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरलो म्हणून.

त्यांच्या हातात काय होतं ते सांगायचं राहिलं. कॅसिओ एफ-९१डब्ल्यू, काळं प्लॅस्टिकचं, १९८९ पासून निघतंय, हजार-दीड हजारात मिळतं, पट्टा एका बाजूने सुतळीने बांधलेला. त्यावर मीटरबिटर काही नाही, नुसतं 'वॉटर रेझिस्ट'. ते घालून हे गृहस्थ ओहोटीला नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून तिसऱ्यो काढतात. मी घरी जाऊन बघितलं, ते महिन्याला फार तर तीस सेकंद इकडेतिकडे होतं. महिन्याला! माझं दिवसाला वीस. तीन आठवडे मी ते लावलं नव्हतं, वीस गुणिले एकवीस, चारशे वीस सेकंद, बरोब्बर सात मिनिटं, हिशेब चुकत नाही, घड्याळच चुकतं.

माझ्या आजोबांकडे एचएमटी होतं, जनता. रोज सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की ते चावी द्यायचे आणि रेडिओवर लावून घ्यायचे. मला लहानपणी वाटायचं की पोदेरच घड्याळाला चावी द्यायला येतो आणि जाताजाता पाव टाकतो. तेव्हा घड्याळ मागे पडायचं आणि कोणाला राग यायचा नाही, कारण तेव्हा थंब मशीन नव्हतं. माझा सगळा राग खरं म्हणजे त्या मशीनवर आहे. ते कुठल्या उपग्रहाला विचारून वेळ सांगतं देव जाणे, आणि नदी, पाऊस, रॅम्पवर अडकलेला टेम्पो यातलं काही त्याला ठाऊक नसतं. पुलापलीकडे राहणारा माणूस पावणेनऊला उठून वेळेत पोचतो आणि बेटावरचा सातला उठून लेट. यावर युनियनच्या मीटिंगमध्ये दोनदा बोललो, दोन्ही वेळा विषय चहावर गेला.

मंगळवारी लंच टाइममध्ये घड्याळ घेऊन पणजीत दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने मान वर न करता विचारलं, काय प्रॉब्लेम. दिवसाला वीस सेकंद मागे पडतं. त्याने ड्रॉवरमधून पुस्तिका काढली, उघडून माझ्यापुढे सरकवली. दिवसाला पुढे ४५ ते मागे ३५ सेकंद, नॉर्मल. म्हणजे महिन्याला सतरा मिनिटं मागे पडलं तरी कंपनीची तक्रार नाही.

"दादा, ऑटोमॅटिक आहे ना," तो म्हणाला, जसं काय मला मुलगा झालाय आणि तो रात्री रडतो.

निघताना त्याने पाठ उलटून बघितली, चावी नीट आत स्क्रू केलीय का तपासलं आणि वर म्हणाला, "आणि पावसात शक्यतो घालू नका. रिस्क कशाला."

मी म्हणलं, यावर दोनशे मीटर लिहिलंय.

"ते बरोबर आहे. पण पाणी नको."

मी भांडणार होतो. आत रबरी सील असतात, चावी स्क्रूची असते, याच कामासाठी बनवलंय, हे सगळं मला पाठ होतं. पण लंच टाइम संपत आला होता, आणि खरं म्हणजे साडेअठरा हजार गेल्यावर माणूस भित्रा होतो.

काल सकाळी धो-धो पाऊस. घड्याळ मोबाईलवर लावून घेतलं, दहा मिनिटं आधी निघालो, धक्क्यावर वेळेत. पात्रांव रॅम्पच्या बाजूला प्लॅस्टिकचं इरलं पांघरून उभे, हातातलं कॅसिओ भिजून चिंब. माझ्या रिकाम्या मनगटाकडे बघितलं.

"घड्याळ खंय?"

मी खिशातून दुधाची रिकामी पिशवी काढली. आत घड्याळ, वरून दोन रबरबँड.

पात्रांवनी पिशवी उजेडाकडे धरली, आतले काटे बघितले, वेळ बरोबर होती. परत दिली.

"मागीर?" म्हणाले.