चांगल्या प्रोग्रामरला सगळ्या भाषा सारख्याच?

‘भाषा सुरक्षित नसते, प्रोग्रामर असतो. सुरक्षित भाषांतले प्रोग्रामही कोसळतातच, रस्टमध्येही ‘अनसेफ’ लिहावं लागतंच, आणि तपासण्यांनी वेग मरतो तो वेगळाच.’ अशा अर्थाचा एक संदेश ग्रुपाग्रुपांत फिरतोय. (रस्ट ही एक सुरक्षित म्हणवली जाणारी भाषा; जो भाग तिला स्वतः तपासता येत नाही त्यावर ‘अनसेफ’ असं लिहावं लागतं.) मी पहिल्या वर्षाच्या मुलांना सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते, आणि ती भाषा मला मनापासून आवडते. तरीही हा संदेश मुलांनी खरा मानू नये असं मला फार वाटतं.

चुका माणूसच करतो, यावर वादच नाही. प्रश्न आहे, चूक झाल्यावर पुढे काय होतं. आमच्या लॅबमध्ये एका मुलीने पाच विषयांच्या गुणांसाठी पाच घरांचा ॲरे, म्हणजे ओळीने लागलेली पाच घरं, घेतला. सगळ्या घरांत आधी शून्य भरायचं होतं. तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या लूपच्या अटीत ‘पेक्षा कमी’ऐवजी ‘पेक्षा कमी किंवा समान’ पडलं आणि लूप एकदा जास्त फिरला. सहावं घर नव्हतंच, मग शून्य गेलं मेमरीतल्या शेजारच्या जागेत. तिथे रोल नंबर होता. प्रोग्राम थांबला नाही की कुरकुरला नाही. रकाने आखून गुणपत्रिका छापली, रोल नंबर तेवढा ०. आम्ही दोघी बराच वेळ रोल नंबरच्या ओळी तपासत बसलो, आणि तिथे चूक नव्हतीच! हेच पायथनमध्ये केलं असतं तर प्रोग्राम नेमका त्या ओळीवर थांबला असता.

भाषा सुरक्षित आहे म्हणजे एवढंच: प्रोग्राम कितीही चुकला तरी भाषा आपला शब्द मोडत नाही. ॲरे पाच घरांचा म्हटला की सहाव्यात कुणी शिरणार नाही. सी असा शब्द देतच नाही. हद्द ओलांडल्यावर काय होईल याची हमी नाही, हे तिच्या अधिकृत नियमावलीत, स्टँडर्डमध्येच लिहिलेलं आहे.

लॅबमध्ये रोल नंबर गेला. बाहेर काय जातं ते एप्रिल २०१४मध्ये हार्टब्लीड नावाच्या चुकीने दाखवलं. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या, सीमध्ये लिहिलेल्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये समोरचा म्हणायचा, ‘हा मजकूर घे, इतका लांब आहे, जसाच्या तसा परत पाठव.’ मजकूर एका अक्षराचा आणि सांगितलेली लांबी ६४ हजार असली तरी कोड ती खरी धरून पुढची मेमरी उचलून पाठवायचा. त्यात पासवर्ड असू शकत होते, सर्व्हरची खासगी किल्लीसुद्धा. हा कोड दुसऱ्या जाणकाराने तपासलेला होता, तरी चूक दोन वर्षं जगभर चालू राहिली. लिहिणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला निष्काळजी म्हणून मोकळं होता येत नाही.

सुरक्षित भाषेतले प्रोग्राम कोसळतात, हे खरंच आहे. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर मिनिटाच्या आत नष्ट झालं. ते सॉफ्टवेअर आडा भाषेतलं होतं. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही, भाषेने तसं कळवलं, पण ती चूक तिथेच सावरायची सोय कोणी ठेवलेली नव्हती. सुरक्षित भाषेमुळे प्रोग्राम बरोबर ठरत नाही, हे मान्य. पण म्हणून गुपचूप खोटं उत्तर देणं आणि ओरडून थांबणं एकाच मापाने मोजायचं?

‘अनसेफ’चा मुद्दा तर उलटा आहे. रस्टमध्ये तो शब्द लिहावा लागतो म्हणूनच मेमरी बिघडली तर शोध कुठून सुरू करायचा हे कळतं. सीमध्ये प्रत्येक ओळ संशयित. अँड्रॉइडवर नवा कोड रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहायला लागल्यावर सुरक्षेच्या त्रुटींमधला मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४मध्ये २४ टक्क्यांवर आला. जुना कोड बहुतांशी तसाच आहे.

राहिला वेग. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी संगणकशास्त्रातल्या १९८०च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात १९६०च्या दशकातली एक आठवण सांगितली. त्यांच्या अल्गोल भाषेच्या कंपायलरमध्ये, म्हणजे प्रोग्राम मशीनला कळेल अशा रूपात नेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ॲरेची हद्द दर वेळी तपासायची सोय होती. वेग वाढवायला ही तपासणी बंद करायची सोय देऊ का, असं त्यांनी ग्राहकांना विचारलं. ती मशीन आजच्या साध्या फोनपुढेही गोगलगाय होती. तरी सगळ्यांनी एकमुखाने नको म्हटलं, कारण अशा चुका रोजच्या कामात किती वेळा होतात हे त्यांना ठाऊक होतं.