चक्कर आली की मानेचा एक्स-रे कशाला?

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश सांगतो: 'वारंवार चक्कर येते म्हणजे मानेची नस दबली. एक्स-रेत झीज दिसली की निदान पक्कं. पट्टा लावा, डोकं हलवू नका, चक्करची गोळी रोज घ्या. खात्रीसाठी एमआरआय काढा.' एकेक दावा पाहू.

'मानेची नस दबली.' मानेत नस दबली तर दुखणं हातात उतरतं, मुंग्या येतात, पकड सैल होते. अंथरुणात कूस बदलली, माळ्यावरचा डबा काढायला वर पाहिलं की खोली गरकन फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, हा प्रकार बहुधा कानाचा असतो. कूस बदलताना मान धडाबरोबरच फिरते, तिला पीळ पडतोच असं नाही. बदलते ती डोक्याची दिशा. आतल्या कानातल्या युट्रिकल नावाच्या पिशवीतले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात, बहुतेकदा मागच्या. डोकं कललं की ते घरंगळतात, नलिकेतला द्रव हलतो आणि मेंदूला 'आपण फिरतोय' असा खोटा निरोप जातो. याला बीपीपीव्ही म्हणतात.

'एक्स-रेत झीज दिसली की निदान पक्कं.' साठीनंतर मणक्यांची झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते, कधीच चक्कर न आलेल्यांच्याही. बीपीपीव्हीचं निदान होतं डिक्स-हॉलपाइक चाचणीने. ती १९५२ पासून माहीत आहे आणि तिला एक पलंग पुरतो. रुग्णाला पाय लांब करून बसवायचं, डोकं ४५ अंश उजवीकडे वळवायचं आणि तसंच धरून झटकन उताणं निजवायचं. डोकं पलंगाच्या कडेखाली साधारण २० अंश झुकलं पाहिजे. डोळे उघडे. बहुधा काही सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळं कपाळाच्या दिशेने आणि खालच्या कानाकडे पिळल्यासारखे झटके देऊ लागतात, नि मिनिटाच्या आत थांबतात. मग तेच डाव्या बाजूला.

ही चाचणी फसते ती घाईमुळे. रुग्णाला हळूहळू निजवलं जातं, किंवा पाचेक सेकंदही न थांबता उठवलं जातं. तो घाबरून डोळे मिटून घेतो आणि कुणी उघडायला सांगत नाही. आधीच चक्करची गोळी घेतली असेल तर झटके दबू शकतात. मागची नलिका साफ निघाली तर उताणं निजवून डोकं दोन्ही कुशींकडे वळवून आडवी नलिका तपासायची असते. हे बऱ्याचदा राहून जातं. मान खरोखरच खराब असेल तर पूर्ण शरीर कुशीवर टाकून हेच करता येतं.

'पट्टा लावा, रोज गोळी घ्या.' गोळीने खडे जागेवर जात नाहीत. ते नेण्यासाठी एप्लीची क्रिया आहे, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली: चाचणीतल्या उताण्या स्थितीतूनच डोकं दुसऱ्या बाजूला, मग त्याच कुशीवर वळून नाक जमिनीकडे, मग उठून बसायचं. प्रत्येक स्थितीत अर्धा ते एक मिनिट. पहिल्यांदा जाणकाराकडूनच करून घ्यावी. सिनारिझिन किंवा स्टेमेटिल या चक्करच्या गोळ्या महिनोन्महिने चालू ठेवल्या तर वयस्कर माणसात पार्किन्सनसारखा कंप आणि ताठरपणा येऊ शकतो. पट्ट्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

उभं राहिल्यावरच अंधारी येत असेल तर वेगळं पाहावं लागतं: पाच मिनिटं आडवं राहून बीपी, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर कारण तिथे शोधा.

'खात्रीसाठी एमआरआय.' हे खडे एमआरआयमध्ये दिसत नाहीत. उलट तासन्‌तास न थांबणारी गरगर असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांत लहान मेंदूचा पक्षाघात एमआरआयमधूनही निसटू शकतो, सीटी स्कॅनमधून तर सहज. तेव्हा अनुभवी डॉक्टर डोकं झटकन वळवून नजर पाहतात. कानाच्या नसेला सूज असेल तर नजर लक्ष्यावरून घसरते आणि मागाहून परत येते. गरगर चालू असून नजर मुळीच घसरली नाही तर ती आनंदाची गोष्ट नव्हे, तेव्हाच मेंदूची शंका घ्यायची. एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, एका बाजूचा जोर जाणं किंवा आधाराशिवाय बसताच न येणं, यांतलं काहीही सोबत असेल तर एप्ली करत बसू नका. पक्षाघाताचे उपचार होणाऱ्या रुग्णालयात तडक जा.