वायच सोलकढी

परवा दुपारी माझ्या कुरकुरीत भोपळ्यावर काकीने सोलकढी ओतली. दोन पळ्या, न विचारता. राग अजून गेलेला नाही.

१ जून ते ३१ जुलै बोटी बंद, त्यामुळे वेंगुर्ल्याच्या बाजारात सुके बोंबील आणि खारे बांगडे. त्यात भाचीने भाजलेल्या भाज्यांचा फोटो पाठवला, वर सोनेरी चुरा. म्हटलं, करूया.

भोपळा, नीरफणस, छोटे कांदे चिरून तेल-मीठ चोळलं. फोडी सुट्या सुट्या पसरायच्या, नाहीतर त्या भाजत नाहीत, एकमेकींच्या वाफेत शिजत बसतात. ओव्हन २०० अंशांवर. चुऱ्यासाठी बेकरीतले बटर कुटले. (घाटावरच्यांसाठी: आमच्याकडे बटर म्हणजे लोणी नव्हे, चहात बुडवायचा कडक गोळा.) त्यात काजू, सुकं खोबरं, लसूण. लसूण पटकन करपते, म्हणून चुरा शेवटच्या सात मिनिटांत घालायचा. मी घातला आणि लाईट गेली. आमच्याकडे ढग नुसता गुरगुरला तरी लाईट जाते, बिल मात्र वेळेवर येतं. अर्ध्या तासाने लाईट आली, ओव्हन परत तापला, वास सुटला आणि मागच्या दाराने काकी आली.

"झिला, बांगडो खंय गावलो?"

"बांगडा नाही काकी, भोपळा आहे."

"भोपळो?" काकी ओव्हनच्या काचेला नाक लावून वाकली. "भाजलंस कित्याक? शिजवूक काय झालां होतां?"

"अशीच करतात ही."

"आणि वर भुसो कसलो घातलंस?"

"चुरा आहे तो. कुरकुरीत लागतो."

"माझे दात खंय आसत कुरकुरीत खावक?" असं म्हणत तिने ताट पुढे ओढलं, बोटाने एक फोड उलटी केली. "ह्यो नीरफणस मां? मगे रवो लावन कापां कित्या नाय केलंस? धा मिनटांत झाली असती. ती पण कुरकुरीतच."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस शोधतोय, अजून नाही.

रेसिपीत लिहिलेलं असतं, 'लगेच वाढा'. लिहिणाऱ्या बाईंनी आमचा जुलै बघितलेला नसावा. इथे मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात, तरी मीठ चमच्याला चिकटतं. सकाळी तळलेला पापड दुपारी घडी घालून खिशात ठेवता येतो. अशा हवेत चुऱ्याचं आयुष्य पाच मिनिटं. आणि लगेच वाढायला लगेच खाणारं माणूस घरात लागतं. बायको ऑफिसात, मुलगा क्लासला. सकाळभर राबून केलेला पदार्थ खायला घरात कोण, तर मी आणि मासा शोधत आलेली काकी.

"काकी, बस. आत्ताच्या आत्ता खा," मी म्हटलं.

काकीने आधी पाय धुतले. मग पदराला हात पुसत पागोळ्यांचं पाणी आमच्या पडवीत कसं येतं ते बघितलं, पन्हळ कुणी बसवली ते विचारलं, त्याने तिला कसं फसवलं ते सांगितलं. मग पाटावर बसली, आणि शेजारच्या टोपात पळी बुडवली.

"सुक्यां घशात अडाकता रे. वायच सोलकढी घेतंय."

एक पळी तिच्या ताटात. एक माझ्या. चुऱ्यातून एक बारीक 'फस्स' ऐकू आलं, मग सगळं गुलाबी झालं.

"आता बरो लागता," काकी म्हणाली, आणि ट्रेमध्ये उरलेलं सगळं तिच्या झिलासाठी, म्हणजे मुलासाठी, डब्यात भरून घेऊन गेली.

संध्याकाळी डबा परत आला. रिकामा डबा परत करायची आमच्याकडे रीत नाही. आत नीरफणसाची सहा कापं होती, त्या हवेतही कडक. मुलगा क्लासहून यायच्या आत मी सहाही संपवली, आणि कुंपणावरून काकीला ओरडून सांगितलं, मीठ जरा कमी होतं म्हणून.