बंब यायला पाऊण तास लागतो, मग नियम कुणासाठी? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परखड आहे आणि दोन ओळींच्या उत्तरानं भागणार नाही. मागच्या लेखात मी इंधनाचा साठा, अपघातातली वाहनं आणि हेलिकॉप्टर उतरायची जागा यांबाबत अग्निशमन दल कोणते नियम पाळतं ते लिहिलं होतं. त्यावर तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातून लिहिलंत: "हे सगळं शहरासाठी ठीक आहे. आमच्याकडे बंब यायला पाऊण तास लागतो. तोवर लांब उभं राहून माणूस जळताना बघायचं का? डिझेल साठवायचं नाही तर ट्रॅक्टर पाण्यावर चालवायचा का? आणि हेलिकॉप्टर आमच्या गावात कधी उतरतंय? नियम करणाऱ्यांनी उसाची ट्रॉली उलटलेली कधी बघितली नसणार."

ट्रॉली उलटलेली मी बघितली आहे. माझी नोकरी अग्निशमन दलात, गाडीवरच गेली. गाळप हंगामात रात्री ट्रॅक्टरच्या मागे जोडलेली, रिफ्लेक्टर नसलेली दुसरी ट्रॉली आणि तिच्यात मागून घुसलेली मोटारसायकल, हे दृश्य आपल्या भागात कुणाला नवीन नाही. तुमचा राग मला कळतो. पण बंब लांब आहे म्हणून नियम निरुपयोगी, हे मला पटत नाही. बंब जितका लांब, तितका नियम तुमच्या जास्त उपयोगाचा. सांगली शहरात कुणाची चूक झाली तर ती निस्तरायला थोड्या वेळात माणसं पोचतात. तुमच्याकडे तीच चूक पाऊण तास जळत राहते.

आधी अपघाताचं बोलू, कारण तुमच्या प्रतिक्रियेतलं तेच वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. माणूस आत अडकलाय आणि लोक बघत उभे आहेत, असं कुठल्याही नियमाला अभिप्रेत नाही. 'दूर राहा' हे गर्दीसाठी असतं. जे दोघं-तिघं मदत करणार त्यांच्यासाठी क्रम असतो, आणि तो क्रम गावातल्या कुणालाही जमण्यासारखा आहे. वाऱ्याकडे पाठ करून जा, आणि रस्त्याला उतार असेल तर वरच्या अंगानं जा, कारण सांडलेलं इंधन आणि त्याची वाफ दोन्ही उताराला धावतात. पहिल्यांदा किल्ली फिरवून इंजिन बंद करा. मग चाकाला दगड लावा. इंधनाचा वास येतोय का, खाली ओघळ दिसतोय का ते बघा. मदतीला थांबलेल्या गाड्यांची इंजिनं चालू ठेवून त्या शेजारी उभ्या करू नका, आणि कुणाच्या तोंडात बिडी असेल तर ती विझवायला लावू नका, त्या माणसालाच लांब पाठवा. जवळच्या एसटीत किंवा ट्रकमध्ये आग विझवायचा सिलिंडर असतो, तो मागून घ्या आणि एकाला तो धरून तयार उभा करा.

आग नाही आणि ओघळही नाही, तर जखमीला घाईनं ओढून काढू नका. मान जशी आहे तशी दोन्ही हातांनी धरून ठेवा, मणक्याला मार असेल तर ओढाताणीत तो कायमचा अधू होतो. पण धूर निघाला, ज्योत दिसली किंवा पेट्रोल ठिबकतंय, तर मणक्याचा विचार मागे टाका आणि काढा. सीटबेल्ट अडला तर कोयत्यानं कापा, ऊसतोडीच्या रस्त्यावर कोयता मिळतोच. काच फोडायची तर मधोमध घाव घालू नका, कोपऱ्यात घाला. समोरची काच दोन थरांची असते, ती फुटून पडत नाही. बाजूची किंवा मागची फोडा.

१ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटली आणि २५ प्रवासी गेले. बस दाराच्याच बाजूवर पडली होती, त्यामुळे दार उघडायला वाव नव्हता. डिझेलनं पेट घेतला. जे वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर पडले. अशा वेळी बंब पाच मिनिटांवर असला तरी उशीरच होतो. तिथे जे करायचं ते आतल्या आणि शेजारच्या माणसांनीच करायचं असतं, आणि म्हणूनच मी हे नियम बंबावरच्या माणसांपुरते न ठेवता सगळ्यांसाठी लिहितो.

पोलिसांच्या भानगडीच्या भीतीनं लोक हात लावत नाहीत, हेही मला ठाऊक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. अपघातात सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता देण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. हे ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा.

आता टँकर. इथे मात्र मी तुमच्याशी जराही तडजोड करणार नाही. खंबाटकी घाट असो की पेठ नाका, टँकर उलटला आणि तेल वाहू लागलं की कॅन आणि बादल्या घेऊन माणसं धावतात. २५ जून २०१७ ला पाकिस्तानच्या पंजाबात अहमदपूर शर्कियाजवळ पेट्रोलचा टँकर उलटला. आसपासच्या गावांतले लोक भांडी घेऊन जमले, आग लागली, आणि दोनशेच्या वर माणसं मेली. त्यांच्यात आणि आपल्यात काही फरक नाही. फुकट मिळतंय म्हटल्यावर पाय तिकडे वळतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती डोळ्यांना दिसत नाही, जमिनीलगत सरपटत ओढ्यात, चरीत, उसाच्या सरीत जाऊन साचते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास मिसळली की तिला ठिणगी पुरते, आणि ती ठिणगी टँकरजवळच पडायला हवी असं नाही. लांबच्या वस्तीवरची चूलही पुरते.

गॅसचा टँकर त्याहून वाईट. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूरजवळ भांक्रोटा इथे वळत असलेल्या एलपीजी टँकरला ट्रकची धडक बसली, व्हॉल्व्ह तुटले, गॅसचा ढग रस्ताभर पसरला आणि मग पेटला. त्या ढगात सापडलेल्या कितीतरी गाड्या जळाल्या, त्यातल्या माणसांचा टँकरशी काही संबंधसुद्धा नव्हता. म्हणून पांढरं धुकं आणि फुसफुस आवाज दिसला-ऐकला की गाडी पुन्हा चालू करून 'पटकन निघून जाऊ' म्हणू नका. गाडी तिथेच सोडा आणि वाऱ्याच्या उलट दिशेला चालत सुटा.

टँकरच्या बाजूला आणि मागे एक पाटी असते, तिच्यावर चार आकडी नंबर असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल, १०७५ म्हणजे एलपीजी. हा नंबर लांबून मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम करून वाचा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करताना पहिल्यांदा तोच सांगा, सोबत किलोमीटरच्या दगडावरचा आकडा. फोम (तेलाच्या आगीवर मारायचा फेस) घेऊन निघायचं, की नुसतं पाणी, की आधी गाव खाली करायला सांगायचं, हे त्या चार आकड्यांवर ठरतं. पेट्रोलवर पाण्याचा फवारा मारला तर जळतं पेट्रोल पाण्यावर तरंगत पुढे पसरतं.

डिझेलकडे येतो. 'साठवू नका' असं कायदा म्हणत नाही आणि मीही म्हटलं नव्हतं. पेट्रोलियम कायदा १९३४ चा आहे. डिझेल त्यात 'ब' वर्गात येतं. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि कुठलंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर परवाना लागत नाही. तुमचं २०० लिटरचं बॅरल त्यात आरामात बसतं. पेट्रोलचं वेगळं आहे, तो 'अ' वर्ग. विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंतच बिनपरवाना ठेवता येतं, तेही घट्ट झाकणाच्या भांड्यात. काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर १ लिटर, धातूचं असेल तर २५ लिटर, याहून मोठं भांडं नको. थंड पेयाच्या बाटलीत पेट्रोल भरून खुंटीला अडकवणं या कुठल्याच नियमात बसत नाही, आणि त्या बाटलीतून पाणी समजून पोरं घोट घेतात हे मला सगळ्यात भयंकर वाटतं.

डिझेल सहजासहजी पेटत नाही ही समजूत थंड हवेत खरी आहे. पण आपल्याकडे मिळणाऱ्या डिझेलचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याच्यावर पेटण्याजोगी वाफ तयार होते तो आकडा, किमान ३५ अंश सेल्सिअस धरलेला असतो. एप्रिल-मे महिन्यात जतला पारा चाळिशीला टेकतो, आणि पत्र्याच्या शेडखाली उन्हात ठेवलेलं बॅरल त्याहून तापतं. तेव्हा त्याच्या तोंडाशी पेटण्याजोगी वाफ असू शकते. पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर त्याच शेडमध्ये बसवलेला असेल तर तो दरवेळी आत ठिणगी टाकतो.

आणि रिकामं बॅरल. याबद्दल मी मागे थोडक्यात लिहिलं, आता नीट लिहितो. भरलेल्या बॅरलपेक्षा रिकामं बॅरल जास्त धोक्याचं असतं, कारण आत तेल नसून वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं. त्याची चूल करायला, पाण्याची टाकी करायला किंवा गव्हाची कोठी करायला कुणीतरी ते गॅसकटरखाली धरतो आणि बॅरलचं झाकण माणसाच्या अंगावर येतं. नुसतं उन्हात उघडं ठेवून वाफ जात नाही. जुनं बॅरल कापायचंच असेल तर कटर लावू नका, ठिणगी उडवणारं ग्राइंडरही नको. माझा सल्ला विचाराल तर ते भंगारात द्या.

दोन बारक्या सवयी याच ओघात. नळी तोंडात धरून डिझेल ओढू नका. घोट पोटात गेला तर कदाचित निभावेल, पण फुप्फुसात उतरला तर न्यूमोनियासारखं दुखणं होतं. पोटात गेलं असेल तर उलटी काढायला लावू नका, थेट दवाखान्यात न्या. दुसरं, फवारणीचा एचटीपी पंप तापलेला असताना त्याच्या टाकीत पेट्रोल ओतू नका.

हेलिकॉप्टरबद्दल थोडक्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती आणि सांगली-कोल्हापूर भागात हेलिकॉप्टरं मदतीला आली होती. जतला पूर येत नाही हे खरं, पण तुमची माणसं सांगलीत, मिरजेत, पलूसमध्ये राहतात. उतरायच्या जागेवरचे सुटे पत्रे, ताडपत्र्या, कडबा आधी हलवावा लागतो, नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानं तेच अंगावर येतं. शेपटीकडून कधीच जायचं नाही, पायलटला दिसेल अशा बाजूनं त्यानं हात केल्यावरच जायचं. उतारावर उतरलं असेल तर खालच्या बाजूनं जायचं, वरच्या अंगाला पातं डोक्याच्या उंचीवर येतं.

तुमचं एक म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. पाऊण तास हा आकडा कुणालाही सहन होता कामा नये. तालुक्याच्या टोकाच्या गावांसाठी छोटी गाडी आणि प्रशिक्षित चार माणसं हवीत, ही मागणी तुम्ही लावून धरा, मी सोबत आहे. तोवर जवळच्या साखर कारखान्याकडे स्वतःचा बंब आहे का आणि तो बाहेरच्या कॉलला येतो का, हे आग लागायच्या आधी विचारून ठेवा. तुमच्या भागात द्राक्षं आणि डाळिंबं आहेत, म्हणजे ब्लोअर (ट्रॅक्टरवर चालणारी फवारणीची यंत्रं) आहेत. पाण्यानं भरलेला ब्लोअर आणि हातातली गन गवत, कडबा, पाचट यांच्या आगीला उत्तम आहे. फक्त टाकीत औषध शिल्लक नाही हे बघा, आणि तेलाच्या आगीवर तो वापरू नका.

बॅरल कुठे ठेवायचं हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. घरापासून आणि गोठ्यापासून सुटं, सावलीत, मोटारीच्या स्टार्टरपासून लांब, कडब्याच्या गंजीला लागून नको. भोवती विटांचा वीतभर उंच बांध घाला म्हणजे तोटी गळली तरी तेल पसरणार नाही. जवळ कोरडी वाळू आणि सहा किलोचा पावडरचा सिलिंडर ठेवा, आणि त्याचा काटा हिरव्यात आहे का ते अधूनमधून बघत जा. वस्तीचा आणि सध्याच्या जागेचा फोटो पाठवलात तर कुठे हलवायचं ते नेमकं सांगता येईल.