फेअरफिल्डला आलात तर आधी कोर्टहाउस बघा

भारतातून कुणी आमच्याकडे आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "महर्षी महेश योगींचे ते सोनेरी घुमट कुठे आहेत?" दाखवते, आनंदाने दाखवते. माझा नवरा महर्षींच्याच विद्यापीठात कॉम्प्युटरच्या मास्टर्ससाठी आला, म्हणून तर आम्ही इथे आहोत. पण नंतर पाहुण्यांना कोर्टहाउसकडे, म्हणजे इथल्या सरकारी कचेरीकडे, वळवलं की त्यांचे चेहरे पडतात. कचेरीत काय बघायचं?

फेअरफिल्ड हे अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या आग्नेय भागातलं जेफरसन काउंटीचं मुख्य ठिकाण, म्हणजे आपल्या भाषेत तालुक्याचं गाव. वस्ती साडेनऊ हजारांच्या आत. गाव संपलं की मका आणि सोयाबीन. शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणारी गाडी गावातून धडधडत जाते, पण थांबत नाही. ती पकडायची तर माउंट प्लेझंट नाहीतर ऑटम्वा गाठायचं. आयोवाची पहिली राज्य जत्रा 1854 मध्ये इथेच भरली होती, हे मात्र इथला शाळकरी मुलगाही सांगेल.

गेल्या वर्षी गाडीची नोंदणी पुढे वाढवायला कोर्टहाउसमध्ये गेले. आयोवात ती मालकाच्या जन्ममहिन्यात करतात. खिडकीतल्या बाईंनी पैसे घेतले, नंबरप्लेटवर चिकटवायचा छोटासा स्टिकर पुढे सरकवला आणि हसून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. सगळं मिळून पाच मिनिटं. बाहेर येऊन मी गाडीत नुसती बसून राहिले.

कारण मला बाबा आठवले. सातबाऱ्यावरचं एक चुकलेलं नाव दुरुस्त करायला त्यांनी चार वर्षं तालुक्याला खेटे घातले. तेवढ्यात तीन तहसीलदार बदलून गेले. माणसं वाईट नव्हती. पण नवा साहेब आला की बाबांनी फाइल उघडून पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं.

इथे कर गोळा करणारा ट्रेझरर, जमिनीचे दस्त आणि लग्नाचे परवाने सांभाळणारा रेकॉर्डर, निवडणुका घेणारा ऑडिटर, अगदी काउंटीचा पोलीसप्रमुख, शेरीफसुद्धा लोकांनी निवडून दिलेला असतो. मुदत चार वर्षांची. त्यांची बदली होत नाही. ते इथेच राहतात, त्याच दुकानात भाजी घेतात, आणि काम अडवलं तर दुकानातच कुणीतरी विचारतं. आपल्या तालुक्यांना नेमकं हेच हवं आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

गावात तंटे नाहीत असं नाही. 1973 मध्ये पार्सन्स कॉलेज दिवाळखोरीत गेलं, इमारती ओस पडल्या, आणि पुढच्याच वर्षी महर्षींचं विद्यापीठ तिथे आलं. शेतकऱ्यांच्या गावात अचानक ध्यान करणारी माणसं! जुने लोक त्यांना 'रू' म्हणू लागले, 'गुरू'मधला 'रू'. जुनी माणसं अजून सांगतात, दोन्हीकडची मंडळी एकमेकांशी बोलत नसत. पण 2001 मध्ये एड मलॉय महापौर म्हणून निवडून आले. ते स्वतः ध्यान करणारे, आणि पुढेही अनेक वर्षं तेच निवडून येत राहिले. नुसत्या 'रूं'च्या मतांवर हे होत नाही. मका पिकवणाऱ्यांनीही त्यांना मतं दिली असणार.

म्हणून म्हणते, याल तेव्हा दुपारीच या. घुमट संध्याकाळच्या उन्हात छान दिसतात, ते नंतर बघू. कचेरी लवकर बंद होते.