१ जूनला जन्मलेली माणसं

आप्पांचे अंगठे यंत्राला दिसत नाहीत. पन्नास वर्षं कांदा-टोमॅटो केलेले हात ते. बोटांवरच्या रेषा मातीत आणि फवारणीच्या औषधांत झिजून गेल्या. संगमनेर तालुक्यातल्या आमच्या गावी रेशनच्या दुकानात अंगठा लावायचा असला की ते आधी डोक्यावरून बोट फिरवतात, केसांचं तेल त्याला लागतं, मग तीन-चारदा दाबतात. २०१९ मध्ये मी त्यांना आणि आईला घेऊन अमेरिकेत उतरले, तेव्हा इमिग्रेशनच्या खिडकीपाशी तेच झालं. हिरवा दिवा लागेना. आप्पांनी सवयीने केसांतून बोटं फिरवली. अधिकाऱ्याने ओला रुमाल पुढे केला, वाट पाहिली, पुन्हा ठसे घेतले, पुन्हा वाट पाहिली. मग दोन्ही पासपोर्ट शेजारी-शेजारी ठेवून त्याने विचारलं, नवरा-बायकोचा वाढदिवस एकाच दिवशी?

दोघांच्याही पासपोर्टवर १ जून आहे. मी त्याला सांगितलं की आमच्याकडे शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला कुणीतरी आणून बसवायचं, गुरुजी अंदाजाने साल धरायचे आणि तारीख १ जून टाकायचे. त्या पिढीतलं अर्धं गाव १ जूनचं आहे. तो एकदा माझ्याकडे आणि एकदा आप्पांच्या हातांकडे बघत राहिला, आणि मग सहा महिन्यांचा शिक्का मारला.

त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. गेल्या वर्षभरात तो प्रसंग रोज आठवतो, त्याला कारण माझा चुलत भाऊ.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकन हवाई दलाचं विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातात बेड्या, पायात साखळ्या. बहुतेक पंजाब, हरियाणा, गुजरातचे, तिघे महाराष्ट्रातले. काहींनी एजंटांना चाळीस-पन्नास लाख मोजले होते, जमिनी विकून. त्या रात्री घरच्या ग्रुपवर भावाचा मेसेज आला: "ताई, याला म्हणतात सरकार. आपल्याकडे बांगलादेशींना असंच बेड्या घालून हाकललं पाहिजे." खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात आप्पांचाही अंगठा होता.

भाऊ चाकणला नोकरी करतो. कष्टाळू आहे, माझ्या आई-वडिलांचं दुखलं-खुपलं मी इथे असताना तोच बघतो. त्यामुळे त्याला उत्तर देताना मी घाईने काही लिहिलं नाही. हा लेख म्हणजे तेच उत्तर आहे, वर्षभर मनात घोळलेलं.

आधी त्याचं जे मला पटतं ते. देशात कोण येणार हे ठरवण्याचा अधिकार सरकारचा आहे. मी न्यू जर्सीत चौदा वर्षं व्हिसावर काढली आहेत. इथे नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं निघतात आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला त्यातली साधारण ७ टक्केच येतात; भारत असो की आइसलंड. माझा अर्ज २०१४ चा. २०२५ संपत आलं तरी आमच्या रांगेची तारीख २०१३ च्या आसपास रेंगाळत होती, म्हणजे त्याआधीच्या अर्जांचाच नंबर लागत होता. दर महिन्याला नवी तारीख जाहीर होते, आणि त्या दिवशी आमच्या ऑफिसातले भारतीय जेवणाच्या टेबलावर आधी फोन उघडतात, मग डबा. या रांगेत इतकी वर्षं उभ्या असलेल्या माणसाला कुणी कुंपण ओलांडून आलेलं पाहून टोचतं. मला टोचलं आहे. २०२३ च्या आर्थिक वर्षात दक्षिण सीमेवर जवळजवळ २५ लाख वेळा माणसं अडवली गेली. न्यूयॉर्कमध्ये हॉटेलंच्या हॉटेलं निवाऱ्यासाठी घ्यावी लागली. आश्रयाचा अर्ज केला की निकाल लागायला वर्षं जातात, तोवर माणूस इथे राहतो, राबतो, त्याला मुलं होतात, आणि मग कधीतरी त्याला 'जा' म्हणायचं. इमिग्रेशन कोर्टांत ३० लाखांहून जास्त प्रकरणं पडून आहेत. याला मी दया म्हणणार नाही. निर्णय घ्यायचा नाही म्हणून सरकारने लोकांना लटकवून ठेवलं, त्याचा राग साध्या मतदाराला आला तर त्यात त्याचं काय चुकलं?

पण भाऊ जिथे "घुसखोर" म्हणून वाक्य सुरू करतो, तिथेच माझी त्याच्याशी फारकत होते. घुसखोर हे आधी कुणीतरी ठरवायला लागतं ना! ते कोण ठरवणार, कशावरून, आणि चूक झाली तर?

मार्च २०२५ मध्ये मेरीलँडमध्ये राहणाऱ्या एका माणसाला अमेरिकेने एल साल्वाडोरच्या तुरुंगात नेऊन टाकलं. त्याला त्या देशात पाठवू नये असा इथल्याच इमिग्रेशन न्यायाधीशाचा २०१९ चा आदेश होता. सरकारी वकिलांनी कोर्टात कबूल केलं की चूक झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जूनमध्ये तो माणूस परत आला. त्याच जूनमध्ये आपल्याकडे काय झालं? मीरा रोडला गवंडीकाम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या एका माणसाला बांगलादेशी समजून उचललं, सीमेवर नेलं आणि रात्रीच्या अंधारात पलीकडे ढकललं. मुर्शिदाबाद जिल्ह्यातला, भारताचाच नागरिक. तिकडे घरच्यांनी कागद गोळा केले, पंचायत आणि राज्य सरकार मध्ये पडलं, तेव्हा सीमा सुरक्षा दलाने त्याला परत आणलं. असा तो एकटा नव्हता. त्याच्याविरुद्ध पुरावा काय होता? तो बंगाली बोलत होता.

मी हे भावाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एखादी चूक होते गं, म्हणून काय मोहीमच थांबवायची?" मोहीम थांबवा असं मी म्हणत नाही. बांगलादेशाला लागून आपली ४,०९६ किलोमीटरची सीमा आहे, मध्ये नद्या आहेत, दर पावसाळ्यात जागा बदलणारी चरं, म्हणजे नदीतली वाळूची बेटं, आहेत. तिथून माणसं येतात, खोट्या कागदांवर राहतात, हे खरं आहे. त्यांना शोधणं सरकारचं कामच आहे. पण बाहेर ढकलण्याआधी ऐकून घेणं हेही त्याच कामाचा भाग आहे, आणि तो गाळला तर त्या मोहिमेला काही अर्थ उरत नाही. मीरा रोडच्या त्या गवंड्याला एक सुनावणी मिळाली असती, मुर्शिदाबादला एक फोन गेला असता, तर सगळं अर्ध्या दिवसात मिटलं असतं.

आता कागदांबद्दल, कारण हे मला सगळ्यात जवळून माहीत आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये इथल्या तारखा अचानक पुढे सरकल्या आणि आमच्यासारख्या हजारोंना ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज भरायची संधी मिळाली; कार्ड मात्र रांगेतच राहिलं. त्याला जन्मदाखला लागतो. माझ्या दाखल्यावर आई-वडिलांची नावं आहेत, तारीख आहे, आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ आहे. बारसं व्हायच्या आधीच नोंद झाली, पुढे नाव घालायला कुणी गेलं नाही. ज्यांचा जन्म ऐंशीच्या दशकात तालुक्याच्या गावी झाला त्यांना यात नवल वाटणार नाही. त्या रेघेने माझी झोप उडवली. वकिलाने सांगितलं, घाबरू नका, यावर उपाय आहे. शाळा सोडल्याचा दाखला जोडा, आणि तुमच्या जन्माच्या वेळी हजर असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं द्या. करोनाचे दिवस, तरी आई आणि मावशी तोंडाला पदर बांधून संगमनेरला नोटरीकडे गेल्या. मावशीने लिहून दिलं की ही मुलगी माझ्यासमोर जन्मली, त्या रात्री पाऊस होता. पावसाचं वाक्य नोटरीने काढू पाहिलं, तिने काढू दिलं नाही. अमेरिकेच्या सरकारने ती दोन पानं मान्य केली.

म्हणजे ज्या देशाला मी परकी आहे, त्याने आमच्याकडचे कागद असेच असतात हे समजून घेतलं आणि दुसरा मार्ग ठेवला. आणि माझ्या स्वतःच्या देशात?

आसाममध्ये नागरिक नोंदणीसाठी ३ कोटी ३० लाख लोकांनी अर्ज केले. ३१ ऑगस्ट २०१९ ला अंतिम यादी लागली तेव्हा १९,०६,६५७ माणसं बाहेर राहिली. १९७१ च्या मार्चआधी आपलं किंवा आपल्या वाडवडिलांचं नाव कुठेतरी नोंदलेलं होतं हे दाखवायचं होतं. बायकांचे हाल झाले. लहानपणी लग्न, शाळा नाही, जमीन नावावर नाही. बापाशी नातं दाखवणारा कागद आणायचा कुठून? यादीबाहेर राहिलेल्यांना नाकारल्याचे लेखी आदेश वर्षानुवर्षं मिळाले नाहीत, त्यामुळे अपीलही करता आलं नाही. वर्षानुवर्षं लष्करात काढलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्याला त्याच वर्षी परदेशी ठरवून डांबून ठेवलं होतं, उच्च न्यायालयाने जामीन दिला तेव्हा तो बाहेर आला.

महाराष्ट्रात हे यायला वेळ लागला नाही. २०२५ च्या सुरुवातीला मालेगावातल्या उशिरा नोंदवलेल्या जन्मदाखल्यांवरून वाद पेटला, विशेष तपास पथक नेमलं गेलं. बनावट दाखले निघाले असतील तर ते देणाऱ्यांवर खटले भरावेत, त्यात दुमत नाही. पण जन्माची उशिरा नोंद करणं हाच गुन्हा असल्यासारखं जे बोललं जातं, ते ऐकून माझ्या पोटात गोळा येतो. उशिरा नोंद करायची सोय १९६९ च्या कायद्यातच आहे, आणि ती ठेवावी लागली कारण हा देश घरात, शेतात, उसाच्या फडावर जन्मतो. बीडहून कोपीसकट ऊसतोडीला आलेल्या बाईचं बाळ कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलं, तर त्याची नोंद कुठे होते? बहुतेकदा कुठेच नाही.

यावर १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेला नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा पाहा. चार जुने कायदे रद्द करून एक केला. ते चांगलंच झालं, त्यातले तीन तर इंग्रजांच्या काळातले आणि स्वातंत्र्याआधीच्या युद्धांच्या छायेतले होते. पण त्यांच्यातली एक गोष्ट जशीच्या तशी ठेवली: एखादा परदेशी आहे की नाही असा प्रश्न निघाला, तर आपण परदेशी नाही हे त्या माणसानेच सिद्ध करायचं. अमेरिकेत देशाबाहेर काढण्याच्या खटल्यात आधी सरकारला दाखवावं लागतं की हा माणूस परदेशी आहे. मग इथे राहण्याचा हक्क कोणता, हे त्याने सांगायचं. ऐकायला हा फरक वकिली वाटेल. प्रत्यक्षात आप्पांना पहाटे चारला दार वाजवून कुणी विचारलं "तुम्ही इथलेच कशावरून?", तर कागदाची पिशवी कुणी उघडायची, एवढाच तो फरक आहे.

अमेरिकेत सगळं बरं चाललंय असं मी म्हणत नाही. १९ सप्टेंबर २०२५ च्या शुक्रवारी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, रविवारपासून लागू. सुट्टीला भारतात गेलेल्या मैत्रिणी रात्रीतून तिकिटं शोधत होत्या, कुणी विमानात बसलेले उतरले. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना. त्या रात्री माझा भाऊ मला फोन करून विचारत होता, "ताई, तुला तर काही होणार नाही ना? हा काय कारभार झाला? माणसाला आधी सांगायला नको?" त्याच्या आवाजातली काळजी खरी होती. मी त्याला एवढंच म्हटलं की मीरा रोडच्या गवंड्याच्या बहिणीनेही हेच विचारलं असेल.

आणखी एक. बाहेरून आलेल्यांनी आपल्या भाषेचा मान राखावा ही मागणी मला शंभर टक्के मान्य आहे. माझी मुलगी दर रविवारी इथल्या मराठी शाळेत जाते. पण इथल्या गावच्या वाचनालयात संध्याकाळी इंग्रजीचा मोफत वर्ग भरतो. आई इथे होती तेव्हा त्या वर्गाला जायची, एका बाजूला ग्वाटेमालाची बाई, दुसऱ्या बाजूला कोरियाची आजी. कुणी व्हिसा विचारला नाही. भाषा शिका म्हणायचं तर वर्गही उघडायचा, हे इथल्या छोट्या नगरपालिकेला जमतं. मुंबईत वॉर्डावॉर्डात टॅक्सीवाल्यांसाठी असा मराठीचा वर्ग महापालिकेने का चालवू नये? दुकानदाराच्या कानाखाली वाजवण्यापेक्षा त्याने मराठी जास्त वाढेल.

दिवाळीत भावाशी पुन्हा बोलणं झालं. या वेळी मी वाद घातला नाही, एकच विचारलं: काकूचा कागद काय आहे तुझ्याकडे? काकू म्हणजे त्याची आई. जन्म माहेरी, अकोल्याच्या डोंगरातल्या वाडीवर; अकोले तालुका, विदर्भातलं अकोला नव्हे. शाळेत कधी गेली नाही. लग्नात नाव बदललं. रेशन कार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, मतदार यादीत आडनावाला मात्रा जास्त. तो म्हणाला, "शोधतो." मग बराच वेळ काही बोलला नाही.

गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. "ताई, मावशीने तुझ्यासाठी लिहून दिलं होतं ते प्रतिज्ञापत्र असेल तर पाठव. आईची मोठी बहीण अजून आहे, ऐंशीच्या पुढे. ती असेपर्यंत करून घेतो."

मी दोन्ही पानं स्कॅन करून पाठवली, पावसाच्या वाक्यासकट.